मेनॉर्का बेटावर चार-पाच दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर छोटी सुट्टी काढायची म्हटलं की सँटोरिनी, माल्टा, इबिझा ही नावं आधी निघतात. मेनॉर्काचं नाव क्वचितच कुणी घेतं. ज्यांना स्वच्छ पाणी, पायवाटा, पक्षी आणि रात्रीची शांतता हवी आहे, त्यांच्यासाठी या भागात याहून चांगलं बेट मला माहीत नाही. भारतातून जाणारे आणि युरोपात राहणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

मेनॉर्काच का? मायोर्का आणि इबिझा तर जास्त प्रसिद्ध आहेत.

तिन्ही बेटं स्पेनच्या बालेआरिक समूहातली. मायोर्कात मोठे डोंगर आहेत आणि पाल्मासारखं मोठं शहर आहे. इबिझाला बहुतेक लोक रात्रभर चालणाऱ्या संगीतासाठी जातात. सगळ्यात पूर्वेकडचं मेनॉर्का आकारानं मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याहून थोडंसं मोठं, साधारण ७०० चौरस किलोमीटरचं. वस्ती मात्र लाखाच्या आसपास. सगळ्यात उंच जागा म्हणजे मोंते तोरो, तीही जेमतेम ३५८ मीटरची.

इथे पर्यटन उशिरा आलं. शेती, गाईंचं दूध, चीज आणि चपला-बुटांचे कारखाने यांवर लोकांचं बरं चाललं होतं, त्यामुळे किनारे विकायची घाई झाली नाही. १९९३ मध्ये युनेस्कोनं या बेटाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. आज कितीतरी किनाऱ्यांवर एकही इमारत नाही. मागे पाइनचं रान आणि पुढे पाणी, एवढंच. आतल्या भागात शेतांच्या कडेनं सगळीकडे चुना न वापरता रचलेल्या दगडी भिंती दिसतात. कोकणातल्या माणसाला आपल्याकडचे गडगेच आठवतील.

किती दिवस काढावेत?

चार रात्री किमान, पाच उत्तम. एका टोकाच्या माओपासून दुसऱ्या टोकाच्या सिउतादेयापर्यंत रस्ता साधारण ४५ किलोमीटरचा आहे, त्यामुळे प्रवासात दिवस मोडत नाही.

भारतातून फक्त या बेटासाठी जाण्यापेक्षा बार्सिलोनाचे दोन-तीन दिवस जोडावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बार्सिलोनाहून विमानानं तासाभरात पोहोचता येतं, फेरीबोटही आहे. लंडन, म्युनिक, अॅम्स्टरडॅमकडच्या मंडळींना उन्हाळ्यात युरोपातल्या बऱ्याच शहरांतून थेट विमानं मिळतात. हिवाळ्यात ती बहुतेक बंद असतात.

कोणत्या महिन्यात जावं?

आपल्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये असतात आणि गोंधळ तिथेच होतो. मे महिन्यात बेट हिरवं असतं, रानफुलं फुललेली असतात, हवा वीस-बावीस अंशांची, चालायला अगदी सुरेख. समुद्र मात्र १८ अंशांच्या आसपास. अलिबागच्या कोमट पाण्याची सवय असलेला माणूस त्यात गुडघ्यापलीकडे जात नाही. चालणं आणि निसर्ग हाच मुख्य बेत असेल तर मे निवडा. पोहणं मुख्य असेल तर निवडू नका.

जून मध्यावर आला की पाणी २१-२२ अंशांपर्यंत चढतं आणि दिवस फार लांब असतात. सूर्य मावळायला रात्रीचे सव्वानऊ वाजतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २५-२६ अंशांचं, पण गर्दी आणि भाडी दोन्ही शिगेला. नावाजलेल्या किनाऱ्यांच्या वाहनतळांवर सकाळीच जागा संपते.

निवड पूर्णपणे तुमच्या हाती असेल तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे घ्या. उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून २४-२५ अंशांवर असतं आणि स्थानिक शाळा सुरू झाल्यानं किनारे मोकळे होतात. ऑक्टोबरपासून मोठे पाऊस सुरू होतात. नोव्हेंबर ते एप्रिल किनाऱ्यालगतची बरीच हॉटेलं कुलूपबंद असतात.

कोणते किनारे बघायचे ते आधीच ठरवून ठेवावं का?

ठरवू नये. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मेनॉर्कात किनारा वारा ठरवतो, आपली यादी नाही.

बेट सपाट आहे, वारा अडवायला मोठा डोंगर नाही. उत्तरेकडून येणारा वारा ‘त्रामुंताना’ या नावानं ओळखला जातो आणि तो जोरदार असतो. तो सुटला की उत्तर किनाऱ्यावर लाटा आपटतात, वाळू डोळ्यांत जाते आणि पाण्यात उतरणं धोक्याचं होतं. त्याच वेळी दक्षिणेच्या खाड्यांमध्ये, उंच कड्यांच्या आडोशाला, पाणी आरशासारखं पडलेलं असतं. दक्षिणेचा वारा असेल तर नेमकं उलट. गाडीनं अर्ध्या तासात एका बाजूकडून दुसरीकडे जाता येत असल्यामुळे वाईट दिवस असा जवळपास नसतोच. वाईट निवड मात्र असते.

रोजचा क्रम असा ठेवा. आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी स्पेनच्या हवामान खात्याचा अंदाज बघायचा, तापमानापेक्षा वाऱ्याची दिशा आणि वेग बघायचा. वारा उत्तरेचा असेल तर दक्षिणेला माकारेया, तुर्केता, मिजाना, सोन साउरा. दक्षिणेचा असेल तर उत्तरेला कावायेरिया, प्रेगोंदा किंवा घोड्याच्या नालाच्या आकाराची आरेनाल देन कास्तेय. पश्चिमेचा असेल तर पूर्वेकडचं एस ग्राऊ. समुद्राकडून जमिनीकडे वारा असतो तेव्हा जेलीफिश आणि तरंगता कचराही त्याच बाजूला लोटला जातो, हे आणखी एक कारण.

बेटावरच्या कुणालाही, दुकानदाराला, बसचालकाला, हॉटेलच्या स्वागतकक्षात, ‘आज कुठल्या बाजूला जाऊ?’ एवढं विचारा. हा प्रश्न तिथे रोजचाच आहे आणि उत्तर नेमकं मिळतं.

उत्तर आणि दक्षिण किनाऱ्यांत एवढा फरक कशामुळे?

खडकामुळे. दक्षिणेचा अर्धा भाग फिकट रंगाच्या चुनखडीचा आहे. पावसाच्या पाण्यानं त्यात खोल घळी कोरल्या, त्या घळी जिथे समुद्राला मिळतात तिथे पांढऱ्या वाळूच्या लहान खाड्या तयार झाल्या. पांढऱ्या तळावर उथळ पाणी म्हणून तो फिरोजी रंग. उत्तरेचा खडक फार जुना, गडद करडा आणि लालसर. तिथली वाळू सोनेरी-तांबूस, झाडी खुरटी, किनारा दातेरी. छायाचित्रांत दक्षिण जिंकते. मला स्वतःला उत्तर जास्त आवडते, विशेषतः प्रेगोंदा. बिनिमेलाच्या किनाऱ्यापासून अर्धा तास चालून तिथे पोहोचायचं, वाटेत सावली नाही, आणि मग समोर पाण्यातून वर आलेले पिवळट-तांबडे सुळके. फावारिचच्या दीपगृहाजवळचा काळा पाटीसारखा खडक तर युरोपात असल्यासारखा वाटतच नाही.

मुक्काम कुठे करावा?

गाडी घेणार नसाल तर सिउतादेया. जुनं गाव सुंदर आहे, अरुंद गल्ल्या, मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, छोटं बंदर, संध्याकाळी पायीच सगळं. दक्षिण-पश्चिमेच्या किनाऱ्यांच्या बस इथूनच सुटतात.

लहान मुलं असतील तर काला गाल्दाना. खाडी उथळ आणि आडोशाची, दुकानं जवळ आणि दोन्ही बाजूंनी पायवाटा निघतात. काही मोठी हॉटेलं अगदी काठावर उभी आहेत, त्यानं देखावा थोडा बिघडतो. सोयीसाठी तेवढं सोसावं.

गाडी असेल तर मधल्या फेरेरिएस किंवा एस मेर्कादाल या गावांचा विचार जरूर करा. समुद्र दिसत नाही, पण वाऱ्यानुसार दिशा बदलायची तर मध्यावर राहण्यासारखी दुसरी सोय नाही. भाडीही सहसा कमी असतात. माओ राजधानी आहे, तिचं लांबच लांब नैसर्गिक बंदर बघण्यासारखं आहे, पण चांगले किनारे तिथून दूर पडतात.

गाडीशिवाय जमतं का?

जून ते सप्टेंबर जमतं. विमानतळ ते माओ बस आहे, माओ ते सिउतादेया मुख्य रस्त्यावर बस सतत असतात, किनाऱ्यांच्या बस हंगामात चालतात. उत्तरेच्या प्रेगोंदा-कावायेरियाकडे मात्र गाडी असलेली बरी.

भाड्यानं गाडी घेणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून आधीच काढून न्या. अनामत रकमेसाठी बहुतेक कंपन्या चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. गाडी उजव्या बाजूनं चालवायची आहे. चौकातल्या गोलावर डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बालआसन सक्तीचं आहे, ते आरक्षणातच मागा. किनाऱ्यांकडे जाणारे शेवटचे रस्ते दोन भिंतींमधून जाणारे, एका गाडीपुरते असतात. समोरून कुणी आलं तर मागे घ्यावं लागतं. म्हणून लहान गाडी घ्या.

माकारेयाला गाडी घेऊन जाता येतं का?

उन्हाळ्यात नाही. सिउतादेयाहून बस आहे, तिची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि ती लवकर संपते. फावारिचच्या दीपगृहाकडेही भर हंगामात खासगी गाड्या बंद असतात.

माझ्या मते माकारेयाला चालतच जावं. काला गाल्दानाहून पाइनच्या सावलीतून पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं. तिथून कड्यावरच्या वाटेनं आणखी दहा-पंधरा मिनिटांवर धाकटी माकारेयेता आहे. त्या कड्यावर थांबून खाली पाहिलं की दोन्ही खाड्यांतला रंगांचा फरक कळतो. सकाळी नवाच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. काला गाल्दानाच्या दुसऱ्या बाजूची मिजाना तर वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.

माकारेयेता आणि आणखी काही लहान खाड्यांत काही लोक कपड्यांशिवाय पोहतात. स्पेनमध्ये ते कायद्यानं चालतं आणि कुणी कुणाकडे बघत नाही. घरातली वडीलधारी मंडळी सोबत असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा. छायाचित्रं काढताना कॅमेऱ्यात इतर कुणी येणार नाही एवढी काळजी घ्या.

बेटाभोवतीच्या पायवाटेबद्दल खूप ऐकलं आहे. ती आपल्यासारख्यांना झेपेल का?

तिचं नाव कामी दे कावाय्स, म्हणजे घोड्यांची वाट. किनाऱ्यावर पहारा ठेवण्यासाठी स्वार हिच्यावरून फिरायचे. पुढे वाट खासगी शेतांतून अडवली गेली, लोकांनी ती मोकळी व्हावी म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००० मध्ये बालेआरिक विधिमंडळानं कायदा करून तिच्यावरून जायचा सार्वजनिक हक्क मान्य केला. बेटाला पूर्ण वळसा घालणारी ही १८५ किलोमीटरची वाट आज २० टप्प्यांत विभागलेली आहे.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला चढण अजिबात जाणवणार नाही. त्रास होतो तो उन्हाचा. उत्तर किनाऱ्यावर मैलोनमैल झाड नसतं आणि वाटेत पाण्याचे नळ नाहीत. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि बंद बूट हवेत. उत्तरेला खडक धारदार आहे, चपलांनी पाय सोलवटतात. वाटेवर लाल पट्ट्याचे लाकडी खुंट दिसत राहतात, रस्ता चुकत नाही. मध्ये मध्ये रानटी ऑलिव्हच्या वाकड्या फांद्यांची फाटकं लागतात. ती उघडून पलीकडे गेल्यावर पुन्हा लावायची, कारण शेतात गुरं असतात.

छोट्या सुट्टीत पूर्ण वळसा घालायचा विचार सोडून द्या. गाल्दाना ते तुर्केता हा दक्षिणेचा एक तुकडा आणि बिनिमेला-प्रेगोंदा हा उत्तरेचा एक, एवढे केले तरी बेटाचे दोन्ही स्वभाव कळतात.

किनाऱ्यावर तपकिरी, कुजल्यासारख्या दिसणाऱ्या गवताचे ढीग होते. साफसफाई करत नाहीत का?

ते मुद्दाम ठेवलेलं असतं. ही पोसिडोनिया, भूमध्य समुद्रात वाढणारी फुलझाड वर्गातली वनस्पती. शेवाळ नव्हे. तिला मुळं, पानं, फुलं, फळं सगळं असतं. तळावर तिची कुरणं पसरलेली असतात. ती पाण्यातला गाळ धरून ठेवतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात, प्राणवायू सोडतात. ज्या नितळ पाण्यासाठी आपण एवढ्या लांब जातो, ते नितळ राहण्यामागे हीच वनस्पती आहे. गळलेल्या पानांचा थर हिवाळ्यात लाटांपासून वाळू वाचवतो. तो यंत्रानं उपसला की किनाराच झिजतो.

२०१८ मध्ये बालेआरिक सरकारनं पोसिडोनियाच्या रक्षणासाठी आदेश काढला, तिच्यावर नांगर टाकायला बंदी आहे. तुम्ही होडी भाड्यानं घेतली तर हा नियम तुम्हालाही लागू होतो: नांगर फक्त फिकट दिसणाऱ्या वाळूवर, गडद पट्ट्यावर कधीच नाही. वास थोडा येतो हे खरं. दहा पावलं पुढे जाऊन बसावं.

पोहता येत नाही. लहान मुलंही आहेत. सुरक्षित जागा कोणत्या?

एस ग्राऊ, सोन साउरा, काला गाल्दाना आणि आरेनाल देन कास्तेय. चारही ठिकाणी पाणी हळूहळू खोल होतं. एस ग्राऊला तर बरंच आत गेलं तरी मोठ्यांच्या कमरेपर्यंतच येतं.

सोन बोऊ हा बेटावरचा सगळ्यात लांब किनारा, अडीच किलोमीटरचा. दिसायला सौम्य, पण दक्षिणेचा वारा असताना तिथे आत ओढणारे प्रवाह तयार होतात. हिरवा झेंडा म्हणजे पोहायला हरकत नाही, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. जीवरक्षक फक्त मोठ्या किनाऱ्यांवर आणि हंगामातच असतात. प्रेगोंदासारख्या ठिकाणी तुमची जबाबदारी तुमच्यावरच. तातडीच्या मदतीसाठी ११२.

सिउतादेयाच्या बंदरात एक वेगळाच प्रकार घडतो. हवेच्या दाबात झटपट बदल झाले की त्या चिंचोळ्या बंदरातलं पाणी काही मिनिटांत एकदम उतरतं आणि तितक्याच वेगानं चढतं. स्थानिक लोक याला ‘रिसागा’ म्हणतात. १५ जून २००६ रोजी असंच पाणी काही मीटर खालीवर झालं आणि डझनावारी होड्यांचं नुकसान झालं. हवामान खातं याचा इशारा आधी देतं. इशारा असेल त्या दिवशी धक्क्यालगतच्या टेबलावर जेवायला बसू नका.

जेलीफिश चावला तर?

समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड्या पाण्यानं नाही. चोळू नका, वाळू घासू नका. चिकटलेले धागे चिमट्यानं किंवा कार्डाच्या कडेनं काढा, मग कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. जीवरक्षकांच्या चौकीवर औषध असतं. श्वासाला त्रास किंवा अंगभर सूज आली तर लगेच ११२.

समुद्र सोडून निसर्गात काय बघण्यासारखं आहे?

अल्बुफेरा देस ग्राऊ हे खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर आणि भोवतालची पाणथळ, हे या बेटाचं मर्म आहे. एकेकाळी इथे सुट्टीच्या घरांची वसाहत उभी राहू लागली होती. लोकांच्या विरोधामुळे ते काम थांबलं आणि १९९५ मध्ये नैसर्गिक उद्यान जाहीर झालं. सोप्या, खुणा केलेल्या वाटा आहेत, लाकडी फळ्यांच्या पुलांवरून चालता येतं. बगळे, ढोकरी, बदकं वर्षभर, आणि वसंतात-शरदात स्थलांतर करणारे पक्षी.

पक्षीप्रेमींसाठी खास सांगायचं तर इजिप्शियन गिधाड, म्हणजे आपल्याकडे उजाड माळांवर आणि गावाबाहेरच्या उकिरड्यांवर दिसणारं पांढरं गिधाड. युरोपातली यांची बहुतेक मंडळी हिवाळ्यात आफ्रिकेत जातात, मेनॉर्कातली मात्र बाराही महिने इथेच राहतात. दक्षिणेच्या घळींवर, कड्यांच्या वर घिरट्या घालताना दिसतात. फेरेरिएसहून अल्जेन्दारच्या घळीत उतरलात तर मान वर ठेवून चाला. वाटेत झुडपांत खसखस झाली तर थांबा, बहुधा हर्मनचं कासव असतं. उचलू नका.

रात्री पुंता नातीच्या दीपगृहाकडे किंवा उत्तरेला कुठेही गावापासून लांब जा. अमावस्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलांना हे एकदा दाखवायलाच हवं.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

माहिती नसेल तर होतात. एन्साइमादा नावाची गोड, गुंडाळीच्या आकाराची पाव-मिठाई प्रत्येक बेकरीत दिसते. तिच्यात परंपरेनं डुकराची चरबी असते. न विचारता घेऊ नका. माओ चीज प्रसिद्ध आहे आणि चवीला खरंच खास, पण दूध विरजायला प्राण्याच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असू शकतं. हे ज्यांना चालत नाही त्यांनी विक्रेत्याकडे चौकशी करावी. भाजीच्या पदार्थांवरही सुक्या हॅमचे तुकडे भुरभुरतात, म्हणून ‘मांस नको, मासे नकोत, हॅमही नको’ असं तिन्ही सांगायचं.

आता चांगली बाजू. ओलिआइग्वा हे टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं गरिबाघरचं सूप. ते उकळू न देता नुसतं गरम करतात, भाजलेल्या पावावर ओततात आणि उन्हाळ्यात सोबत ताजी अंजिरं देतात. हे मिळालं तर सोडू नका. पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला नाश्ता सगळीकडे असतो. भाजलेली भरली वांगीही इथली खासियत, फक्त अंड्याचं विचारून घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी फोर्नेल्स हे गाव. तिथला लॉब्स्टरचा रस्सा, काल्देरेता, नावाजलेला आहे आणि चांगलाच महाग आहे. दर आधी विचारा, कारण तो बहुधा माणशी किंवा वजनावर असतो.

दुपारचं जेवण दीडच्या पुढे, रात्रीचं आठनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघरं बंद. गावातली लहान दुकानंही दुपारी बंद होतात, रविवारी तर बरीचशी उघडतच नाहीत. जैन जेवण पाळणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं, माओ आणि सिउतादेयाच्या मंडईत भाजी उत्तम मिळते.

घरून खाऊ नेला तर चालतो का?

चिवडा, भाकरवडी, चटण्या, मेतकूट, भाजलेला रवा चालतं. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवा. हापूसही. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आंबा त्यातून सुटलेला नाही. कितीही जीव तुटला तरी पेटी नेऊ नका.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पारपत्रधारकांनाही. मुक्कामाच्या सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. म्हणजे बार्सिलोना आणि मेनॉर्का असेल तर स्पेनकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. व्यवहारात दोन-अडीच महिने आधी करा, कारण एप्रिल-मेच्या सुट्टीच्या तोंडावर भेटीची तारीखच मिळत नाही. प्रौढांना शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. सेवाशुल्क वेगळं. ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा प्रवास विमा हवा. पारपत्र परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेलं असावं.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर ये-जा करणाऱ्या परदेशी प्रवाशांची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे रांगांना वेळ लागू शकतो. बार्सिलोनाला उतरून त्याच दिवशी मेनॉर्काचं विमान धरणार असाल तर मध्ये किमान तीन तास ठेवा. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर त्याहून जास्त.

पर्यटक कर म्हणून हॉटेलात वेगळे पैसे मागितले. बरोबर आहे का?

बरोबर आहे. बालेआरिक बेटांवर हंगामात माणशी, रात्रीमागे साधारण १ ते ४ युरो, मुक्कामाच्या दर्जाप्रमाणे, त्यावर मूल्यवर्धित कर. १६ वर्षांखालील मुलांना माफ.

सान जोआनच्या उत्सवात जावं का?

२३ आणि २४ जूनला सिउतादेयात काळ्या घोड्यांवरचे स्वार गर्दीतून जातात आणि घोडे मागच्या पायांवर उभे राहतात. शतकानुशतकांची परंपरा आहे, बघण्यासारखी आहे, पण गर्दी छाती दडपेल अशी. मुलं आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर या दोन दिवसांत सिउतादेया टाळा. उन्हाळाभर बेटावरच्या प्रत्येक गावाचा आपापला घोड्यांचा उत्सव असतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला माओचा. लहान गावातला उत्सव कडेला उभं राहून निवांत बघता येतो.

एखादा दिवस पावसाचा निघाला तर?

तो दिवस दगडांना द्या. इसवी सनापूर्वीच्या लोकांनी इथे महाकाय शिळा रचून मनोरे, घरं आणि थडगी उभारली. २०२३ मध्ये या तलायोत संस्कृतीच्या स्थळांना जागतिक वारसा दर्जा मिळाला. नावेता देस तुदोन्स ही उलट्या नावेच्या आकाराची सामूहिक दफनवास्तू सिउतादेयाजवळ रस्त्यालगतच आहे. तोरे देन गाल्मेसला पूर्ण वस्तीच दिसते. दोन शिळांचे इंग्रजी टी अक्षरासारखे उंच स्तंभ, ‘तौला’, ते तर फक्त याच बेटावर आहेत. सिउतादेयाबाहेरच्या लितिकाच्या जुन्या दगडखाणीही पाहाव्यात. उभ्या कापलेल्या पांढऱ्या भिंती, आणि तळाशी आता बागा.

चार दिवसांचा एखादा नमुना द्याल का?

दिशा वाऱ्याप्रमाणे अदलाबदल करायची, एवढं गृहीत धरून. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून मुक्कामाजवळच्या खाडीत डुंबणं आणि गावात फेरफटका. दुसऱ्या दिवशी पहाटे काला गाल्दानाहून माकारेया आणि तुर्केताकडे चालत जाणं, ऊन चढायच्या आत परतणं, दुपारी झोप, संध्याकाळी मिजाना. तिसऱ्या दिवशी उत्तर: सकाळी प्रेगोंदा, दुपारचं जेवण फोर्नेल्सला, उतरत्या उन्हात मोंते तोरोवर. माथ्यापर्यंत गाडी जाते आणि सगळं बेट एका नजरेत येतं. चौथ्या दिवशी सकाळी लवकर अल्बुफेरात पक्षी, मग एस ग्राऊच्या उथळ पाण्यात मुलं, परतताना माओचं बंदर.

गाडीनं गाठायचा मोठा किनारा दिवसाला एकापेक्षा जास्त धरू नका. तीन-तीन खाड्यांची यादी घेऊन निघालेले लोक वाहनतळ शोधण्यातच दिवस घालवतात.

आठवण म्हणून काय आणावं?

वाळू, शिंपले, खडे नकोत, ते नेण्यावर बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. अबार्का आणा: दोन चामडी पट्ट्यांच्या शेतकरी चपला. पूर्वी यांचे तळवे जुन्या टायरचे असायचे. फेरेरिएस आणि अलायोर भागात कारखान्यांची दुकानं आहेत, तिथे बंदरावरच्या दुकानांपेक्षा निवड जास्त मिळते. चामडं पुढे थोडं सैल होतं, म्हणून घेताना माप घट्टच घ्या आणि पहिले दोन दिवस लांब चालायला वापरू नका.